आहेराचा रुमाल

पेशवे दफ्तरातील ज्या कागदांमधून रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक पत्रांचे ४५ खंड सिद्ध केले, ते कागद चौकोनी कापडांत गाठ मारून जतन केलेले होते आणि अशा प्रत्येक गाठोड्यास दफ्तरात ‘रुमाल’ म्हणत. देवघरातील पोथीला बासन होते, रुखवताच्या ताटावर भरतकामाचे आच्छादन होते. जे मोलाचे ते वस्त्रात बांधावे आणि ते वस्त्र पुन्हा उपयोगात आणावे, असा आपला पिढीजात रिवाज असताना अंधेरी-बोरिवलीच्या घराघरांतून वाढदिवसाची भेट चकचकीत कागदात चिकटपट्टीने जखडून देण्याचा प्रघात रूढ व्हावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या कागदावर पुष्कळदा प्लास्टिकचा वा धातूच्या मुलाम्याचा पापुद्रा असतो, त्यामुळे त्याचा लगदा करून पुन्हा कागद बनविणे दुर्घट होते आणि क्षणार्धात फाडलेले ते वेष्टन कचऱ्याच्या गाडीत जाते. शहराने टाकलेल्याचा भार कोण वाहतो, हे २०१८ पर्यंत क्षेपणभूमी शेजारी सोसलेल्या मुलुंडकरांना आणि आज कांजूरमार्गच्या रहिवाशांना विचारावे.

जपानातही वस्तू कापडात बांधण्याची फुरोशिकी नावाची हीच रीत मागे पडत चालली होती. २००६ साली तेथील पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ बाटल्यांच्या प्लास्टिकपासून विणलेला रुमाल पुढे आणून तिचा जाहीर पुरस्कार केला.

मात्र दर भेटीसाठी नवे कापड खरेदी करावयाचे आणि घेणाऱ्याने ते कपाटात कोंबावयाचे, असे होणार असेल तर सारा खटाटोप व्यर्थ आहे, कारण कापूस पिकविण्यास आणि सूत रंगविण्यास पाणी अतोनात लागते. लाभ आहे तो कापड फिरते राहण्यात. ओटीचा खण या घरातून त्या घरात कसा जातो, हे घाटकोपरच्या गृहिणीस सांगावयास नको. बोहारणीसाठी बाजूला काढलेल्या एका सुती साडीतून असे कितीतरी चौकोन निघतात आणि नाक्यावरचा शिंपी त्यांच्या कडा दुमडून देतो. वस्तू मधोमध तिरपी ठेवावी, समोरासमोरची दोन टोके तिच्यावर घ्यावीत, उरलेल्या दोहोंची गाठ मारावी. कात्री लागत नाही, चिकटपट्टीही नाही.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण अशाच रुमालात बांधा आणि घेणारीला तिथल्या तिथे सांगा, की हा परत नको, पुढच्या घरी धाडा.