अवघड शब्दांचा बाजार

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात शालेय पुस्तकांचा हंगाम जूनमध्ये येतो आणि ओसरतो. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिका मात्र बारा महिने खपतात. त्यांतच इंग्रजीच्या अवघड शब्दांचे जाडजूड संग्रह असतात. कन्नड-वैजापूरकडून आलेला शेतमजुराचा मुलगा खाणावळीच्या पैशांतून काटकसर करून असा संग्रह घेतो आणि रोज वीस-पंचवीस शब्द घोकतो. जितका शब्द जड तितका माणूस लायक, ही समजूत त्याच्या मनात कोणी रुजवली, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

‘इंग्रजीवाचून काय अडते?’ असे त्याला सांगणे हा शुद्ध दांभिकपणा होय. सांगणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी शाळेतच असतात. याच औरंगपुऱ्यात ज्यांचा पुतळा उभा आहे त्या महात्मा फुल्यांच्या सहचारिणी सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली याच शहरात महाविद्यालय काढले, ते मराठवाड्यातील वंचितांना उच्च शिक्षणाचे दार उघडावे म्हणून. डॉ. लोहियांचा ‘अंग्रेजी हटाओ’चा नारा याच्या विरोधात जात नाही. त्यांचा रोख कारभार, न्याय व शिक्षण यांतील इंग्रजीच्या मक्तेदारीवर होता; ती भाषा ज्ञानासाठी शिकण्यावर नव्हता.

तेव्हा प्रश्न उरतो तो कोणती इंग्रजी शिकायची हा. ढाक्यात शिक्षकांना घडविणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांची अडचण पाहिली आणि १९५३ साली नित्योपयोगी सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग या शब्दांनीच व्यापलेला असतो. पुढे २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुले निवडली; तशा मजकुरात त्यांचा वाटा सुमारे दहा टक्के भरतो. म्हणजे प्रगत शब्दांनाही क्रम आहे. पाया न घालता कळस चढवणारे संग्रह हा क्रमच मोडतात. शिवाय वाक्यावाचून पाठ केलेला शब्द परीक्षेपुरता टिकतो. वाचनात पुनःपुन्हा भेटलेला शब्द अंगवळणी पडतो.

दोष विद्यार्थ्याचा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १९७९ पासून मराठीत उत्तरे लिहिता येतात, आणि तिथली इंग्रजीची सक्तीची प्रश्नपत्रिका मॅट्रिकच्या पातळीची व केवळ पात्रतेपुरती आहे. परंतु कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांना गुण आहेत. ते गुण बऱ्याच अंशी उमेदवाराच्या घरात लहानपणी कोणती पुस्तके होती याचे असतात. कारकुनाला अर्ज वाचून नेमके टिपण लिहिता येते की नाही, हे त्यातून कळत नाही.

शब्दांच्या भाराला विद्वत्ता मानण्याचे दुष्परिणाम परीक्षेपाशी थांबत नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले, कारण त्याची इंग्रजी समजण्यापलीकडची होती! न्यायमूर्तींनाच जे उमगेना, ते पक्षकाराला कसे उमगावे? या शहरात १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. जमिनीचा दावा घेऊन तिथे येणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती इंग्रजी निकाल पडतो आणि त्याचा अर्थ त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. बोजड सरकारी मराठीनेही त्याच्यापुढे अशीच भिंत उभी केली आहे, हेही विसरता कामा नये.

यावर उपाय कार्यकर्त्यांच्या आवाक्यातला आहे. वस्तीतील वाचनालयात सायंकाळी अभ्यासवर्ग चालवावा. इंग्रजी वृत्तपत्रातील एक बातमी सर्वांनी मिळून वाचावी, तिचा सारांश आधी मराठीत व मग इंग्रजीत लिहावा, नवा शब्द त्याच्या वाक्यासह वहीत उतरवावा. आठवड्यातून एकदा वीजबिलाबद्दलची तक्रार किंवा माहिती अधिकाराचा अर्ज सोप्या इंग्रजीत तयार करावा. याच्या जोडीला दोन मागण्यांचा आग्रह धरावा: भरती परीक्षांनी घोकंपट्टीऐवजी आकलन तपासावे, आणि न्यायालयाचा प्रत्येक निकाल पक्षकाराला सोप्या मराठीत मिळावा.

शेतमजुराच्या मुलाने इंग्रजी जरूर कमवावी, अवघड शब्दही कमवावेत. मात्र ज्या दिवशी तो गावातल्या म्हाताऱ्याला निकालाचा कागद मराठीत उलगडून सांगेल, त्या दिवशी त्याची विद्या खऱ्या अर्थाने कामी आली असे म्हणता येईल.