श्रम आणि क्रीडा

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराला व्यायामाचा उपदेश करू जाणाऱ्याने, त्याचे शरीर यंत्रापुढे तासन् तास उभे राहून, वाकून आणि ओझी उचलून आधीच शिणलेले आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. इतके कष्ट करणाऱ्याला आणखी खेळ कशाला, असा प्रश्न सुशिक्षितांकडून हटकून येतो. परंतु डेन्मार्कमधील संशोधकांच्या अनेक अभ्यासांतून असे आढळले आहे की, फावल्या वेळी स्वेच्छेने केलेली हालचाल हृदयाला पोषक ठरते, तर पोटासाठी करावे लागणारे, विसाव्यावाचूनचे दीर्घ श्रम तसे ठरत नाहीत, उलट कित्येकदा अपायकारकच होतात. हा भेद मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पाळ्यांच्या फेरबदलात आणि भाड्याच्या खोलीत दाटीने राहणाऱ्याने ती मिनिटे, आणि त्यांसाठी लागणारी जागा, आणावी कोठून? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मोठ्या कारखान्यांत उपाहारगृहाची तजवीज केली, क्रीडांगणाची सक्ती केली नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कबड्डीच्या स्पर्धा भरविते, हे स्तुत्यच. पण स्पर्धेत उतरणारे मोजके, नुसते खेळू इच्छिणारे असंख्य.

चाकण नगरपरिषदेने आणि औद्योगिक विकास महामंडळाने कामगार वस्तीलगत एक तरी मोकळा भूखंड, रात्रीच्या दिव्यांसह, खेळासाठी कायमचा राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.