चाळीस मैलांचे उसने माप

व्हिया मोटर्सचा व्हीट्रक्स हा रेंज एक्स्टेंडर, म्हणजे पल्ला वाढवणारे इंजिन आणि जनरेटर, असलेल्या विजेवरच्या पिकअपांच्या पहिल्या फळीतला ट्रक. अमेरिकेतल्या युटा राज्यातली ही कंपनी शेव्हरले सिल्व्हराडोचा तयार ट्रक घेऊन त्यात स्वतःची यंत्रणा बसवत असे. ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन चाकांना न जोडता १५० किलोवॅटच्या जनरेटरला जोडलेले, चाके फिरवायला ३०० किलोवॅटची मोटर आणि दोन्हींच्या मध्ये २४ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटांची, द्रवाने थंड होणारी लिथियम-आयन बॅटरी. जानेवारी २०१३मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात हा ट्रक मांडला गेला, तेव्हा कंपनीच्या बाजूने बोलायला जनरल मोटर्सचे माजी उपाध्यक्ष बॉब लुट्झ उभे होते. जनरल मोटर्सची शेव्हरले व्होल्ट ही रेंज एक्स्टेंडर असलेली मोटार मार्गी लावणारे तेच. दावा असा होता की एका चार्जवर ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर विजेवर आणि पुढे पेट्रोलवर मिळून ४०० मैलांपर्यंत. किंमत ७९ हजार डॉलरच्या घरात.

या ४० मैलांचे मूळ ट्रकमध्ये नाही, व्होल्टमध्ये आहे. व्होल्ट घडत असताना जनरल मोटर्सने पुन्हापुन्हा सांगितलेली गोष्ट अशी की कामावर जाणाऱ्या अमेरिकी माणसांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांचा रोजचा प्रवास ४० मैलांच्या आत असतो. मोटारीचे माप म्हणून हे उत्तम होते. कंत्राटदाराच्या किंवा वीज कंपनीच्या ताफ्यातल्या ट्रकचा दिवस मात्र मैलांत मोजून पुरत नाही. तो सामान वाहतो, ट्रेलर ओढतो, जागेवर उभा राहून अवजारे चालवतो, थंडीत तासन् तास केबिन गरम ठेवतो. व्हीट्रक्सच्या बॅटरीचे बहुतेक दोष या उसन्या मापातून निघाले.

लुट्झ यांचा युक्तिवाद मोहक होता: लहान मोटारी विजेवर आणण्यापेक्षा जास्त पेट्रोल पिणारी मोठी वाहने आणा, बचत मोठी होईल. गॅलनला १५ मैल देणारा ट्रक ४० मैल विजेवर चालला की सुमारे २.७ गॅलन वाचतात, ३० मैल देणाऱ्या मोटारीत त्याच्या निम्मे. इथवर गणित बिनचूक आहे. पण जे वाहन पेट्रोल दुप्पट पिते ते वीजही जवळपास दुप्पट खाते. तेवढेच मैल काढायला बॅटरी दुप्पट लागते, आणि बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे वाचणारे पेट्रोल साधारण तेवढेच राहते. त्या काळात दर किलोवॅट-तासाची किंमत काही शे डॉलर होती, त्यामुळे ट्रकच्या आकारमानातून मिळालेली बचत बॅटरीच्या बिलात वळती होत होती. बॅटरी २४ वरच थांबली त्याचे मोठे कारण हेच असणार.

एकूण क्षमतेला दावा केलेल्या अंतराने भागले तर वेगवेगळ्या आराखड्यांची वृत्ती दिसते. पहिल्या व्होल्टमध्ये १६ किलोवॅट-तासांवर अमेरिकी सरकारी चाचणीत ३५ मैल मिळाले, म्हणजे किलोमीटरला सुमारे २८५ वॅट-तास. व्हीट्रक्समध्ये हा आकडा ३७५ होतो. २०१७मध्ये मांडलेल्या आणि उत्पादनापर्यंत कधीच न पोचलेल्या वर्कहॉर्स डब्ल्यू-१५ या रेंज एक्स्टेंडर पिकअपने ६० किलोवॅट-तासांवर फक्त ८० मैलांचा दावा केला. तिथे तो ४६५ आहे. व्होल्टचा आकडा कमी दिसतो, पण जनरल मोटर्सने १६ पैकी जेमतेम साडेदहा किलोवॅट-तासच वापरायला मोकळे ठेवले होते. वरचा आणि खालचा पट्टा बॅटरीच्या आयुष्यासाठी आणि इंजिनाच्या मदतीला धावून जाण्यासाठी राखलेला होता.

व्हीट्रक्सच्या २४ पैकी ८० टक्के वापरता येतात असे धरले तर ६४ किलोमीटरसाठी हातात १९ किलोवॅट-तास राहतात, किलोमीटरला ३०० वॅट-तास. रिकामा ट्रक, मध्यम वेग, सौम्य हवा एवढे जमले तर हे शक्य आहे. नंतरच्या फोर्ड एफ-१५० लायटनिंगने मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीत १३१ वापरण्याजोग्या किलोवॅट-तासांवर सरकारी चाचणीत ३२० मैल काढले, म्हणजे किलोमीटरला सुमारे २५५. तेव्हा व्हियाचा दावा खोटा म्हणता येत नाही. पण तो दावा रिकाम्या ट्रकचा आहे, आणि पिकअप कोणी रिकामा फिरवायला घेत नाही. पिकअपमागे उंच ट्रेलर जोडला की महामार्गावरचा खर्च सहज दुप्पट होतो. मग ६४चे ३० उरतात. हिवाळ्यात विजेवर चालताना इंजिनाची फुकटची ऊब नसते, आणि पाच किलोवॅटचा हीटर तासभर चालला तर १९ पैकी पाच तिथेच गेले. व्होल्टचे इंजिन कडक थंडीत बॅटरी भरलेली असतानाही सुरू होत असे, आणि मालक त्यावर कुरकुरत. तो निर्णय अभियांत्रिकीच्या दृष्टीने अगदी योग्य होता.

ऊर्जेपेक्षाही अवघड बाजू शक्तीची. मोटर ३०० किलोवॅटची आणि जनरेटर १५०चा असेल तर पूर्ण जोर लावताना उरलेले १५० बॅटरीने द्यायचे. सी-दर म्हणजे मागितलेली शक्ती भागिले पॅकची क्षमता. २४ किलोवॅट-तासांच्या पॅकला हे सहा सीहून जास्त पडते. इंजिन बंद असताना तोच जोर मागितला तर साडेबारा सी. १३१ किलोवॅट-तासांच्या पॅकला त्याच ३०० किलोवॅटसाठी २.३ सी पुरतो. आतील रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सहा सी आणि दोन सी यांत फरक तिप्पट नसून नऊपट आहे. लहान बॅटरी स्वस्त म्हणून निवडायची आणि तिच्याकडून मोठ्या बॅटरीचा जोर मागायचा, ही रेंज एक्स्टेंडर ट्रकची मूळ अडचण. शुद्ध विद्युत वाहनाची बॅटरी निम्मी कापून इथे चालत नाही. सेलची जात, बसबारची जाडी, थंडाव्याची नळी, सगळेच वेगळे लागते.

त्यामुळे व्हियाने बॅटरी पुरवठादार म्हणून ए१२३ सिस्टिम्सची निवड जाहीर केली, ती समजण्यासारखी होती. मॅसॅच्युसेट्समधल्या या कंपनीचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल जोरकस प्रवाह देण्यासाठीच ओळखले जात. उष्णतेत स्थिर, भरण्या-रिकामे होण्याची हजारो चक्रे टिकणारे. त्याची किंमत वजनात मोजावी लागे. ए१२३चा २० अँपिअर-तासांच्या वर्गातला चपटा सेल सुमारे ६५ वॅट-तासांचा आणि अर्ध्या किलोला जरा कमी होता. अशा सेलांनी २४ किलोवॅट-तास उभे करायचे तर ३७० च्या आसपास सेल लागतात आणि पेटी, थंडावा, तारा, संपर्कक हे सोडून नुसत्या सेलांचेच वजन १८० किलो भरते. मूळ ट्रकमधले इंजिन तर कुठे गेलेले नाही, वर जनरेटर आणि मोटर आली. एकूण भाराची मर्यादा तीच असल्याने हे सगळे पेलोडमधून वजा होते. तयार ट्रकचे रूपांतर करण्याच्या पद्धतीत ही वजाबाकी अटळ असते. सांगाडा बॅटरीसाठी आखलेला नसतो, म्हणून पॅक जिथे जागा सापडेल तिथे बसतो आणि पॅकचा आकार सांगाडाच ठरवतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक कमी चर्चिला गेलेला दोष या वापरात जास्त टोचतो. त्याच्या सेलचा व्होल्टेज ३.३च्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. चार्ज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये असताना व्होल्टेजवरून शिल्लक किती हे ओळखणे कठीण. नियंत्रक मग आत-बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची बेरीज-वजाबाकी करत बसतो. प्रवाहमापकाची बारीक चूक दिवसागणिक साठत जाते आणि बॅटरी पूर्ण भरली किंवा तळाला गेली की तिथल्या वळणावर हिशेब जुळवला जातो. रोज रात्री प्लग लावणाऱ्या मालकाकडे हे आपोआप होते. ताफ्यातला ट्रक मात्र आठवडाभर प्लगविना, इंजिनाच्या विजेवर मधल्या पट्ट्यातच वरखाली होत राहू शकतो. तेव्हा शिल्लक चार्जचा अंदाज घसरतो, सेलांमधला असमतोल वाढतो, पण दुरुस्त करायचा क्षण येत नाही. अशा ट्रकच्या नियंत्रकाला ठरावीक दिवसांनी पूर्ण चार्जची मागणी करण्याची मुभा हवी. चालकाला ती कटकट वाटली तरी.

उतारावर उलटी तऱ्हा. ट्रेलरसह पाच टनांचा ट्रक ६०० मीटर खाली उतरला तर गुरुत्वाकर्षणाकडून सुमारे आठ किलोवॅट-तास परत येऊ पाहतात. हवेचा आणि टायरांचा विरोध त्यातला काही खाईल, पण उरलेलाही २४च्या पॅकसाठी मोठा घास आहे. माथ्यावर रात्रभर भरून ठेवलेल्या बॅटरीत तो मावतच नाही, आणि सगळा भार घर्षणाच्या ब्रेकवर येतो. शून्याखालच्या तापमानात तर जागा असूनही घेता येत नाही, कारण गार सेलमध्ये जोराने चार्ज ढकलला की ॲनोडवर धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान भरून येत नाही.

चढाच्या प्रश्नात व्हीट्रक्सची बाजू भक्कम होती, हे नोंदवायला हवे. पाच टनांचा जोड ताशी ९० किलोमीटरने सहा टक्के चढ चढताना केवळ उंचीसाठी सुमारे ७४ किलोवॅट लागतात. हवा आणि टायर धरून १२५च्या आसपास. १५० किलोवॅटचा जनरेटर हे एकट्याने निभावतो. याच्या उलट टोकाला बीएमडब्ल्यू आय-३ची रेंज एक्स्टेंडर आवृत्ती. तिचे ६४७ घनसेंटिमीटरचे इंजिन साधारण २५ किलोवॅट देई. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार सवलत मिळवायची तर बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत इंजिन सुरू करता येत नव्हते, म्हणून अमेरिकेतल्या गाड्यांना लांब चढावर वेग सोडावा लागे आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. युरोपात हीच गाडी चार्ज आधीच राखून ठेवू देत असे, तिथे हा बोभाटा झाला नाही. तेवढाच जनरेटर वर सांगितलेल्या ट्रकला लावला तर चढावर १०० किलोवॅटची तूट येते. राखीव सहा किलोवॅट-तास साडेतीन मिनिटांत, जेमतेम साडेपाच किलोमीटरमध्ये संपतील. जनरेटर लहान असेल तर राखीव पट्टा मोठा लागतो आणि जनरेटर मोठा असेल तर बॅटरी लहान चालते. या दोन आकड्यांपैकी एक आधी ठरवून दुसरा नंतर बसवण्याची सवय महागात पडते.

टिकाऊपणाचा हिशेब तर आणखी निष्ठुर आहे. दीड लाख मैलांपैकी ६० टक्के विजेवर झाले असे धरले तर ४० मैलांच्या पॅकला २,२५० पूर्ण चक्रे पडतात. ३२० मैलांच्या पॅकला सगळे दीड लाख मैल विजेवर काढूनही ४७० पुरतात. शिवाय इंजिन चालू असताना प्रत्येक वेग घेण्याबरोबर आणि ब्रेकबरोबर होणारी छोटी चक्रे वेगळीच. आणि ही झीज दिसत नाही. विद्युत वाहनाचा पल्ला घटला की चालक त्याच आठवड्यात तक्रार करतो. रेंज एक्स्टेंडर ट्रकमध्ये बॅटरीची क्षमता २० टक्क्यांनी घटली तरी ट्रक पूर्वीसारखाच चालतो, इंजिन फक्त आठ मैल आधी सुरू होते. झिजेची पहिली खूण इंधनाच्या बिलात उमटते, आणि ते बिल कार्यशाळेकडे सहसा येत नाही. १५ किलोवॅटपर्यंतची वीज बाहेर देण्याची सोय हे व्हियाचे मोठे आकर्षण होते. त्या वापराचीही चक्रे पडतात, पण ओडोमीटर जागचा हलत नाही. मैलांवर बेतलेली वॉरंटी अशा पॅकला लागू करणे म्हणूनच दोन्ही पक्षांना अन्यायाचे आहे.

पुरवठ्याची कहाणी थोडक्यात. मार्च २०१२मध्ये ए१२३ने कबूल केले की मिशिगनमधल्या लिव्होनिया कारखान्यात वेल्डिंग यंत्राची जुळणी चुकल्याने काही चपटे सेल सदोष निघाले आहेत. बदलून देण्याचा खर्च साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास गेला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती चीनच्या वानशियांग समूहाकडे गेली. दरम्यान तिचाच ग्राहक असलेल्या फिस्कर या मोटार कंपनीचे उत्पादन जुलै २०१२पासून ठप्प झाले होते. छोट्या कंपनीने एकाच पुरवठादाराच्या एकाच आकाराच्या सेलभोवती पॅक, थंडावा आणि नियंत्रक रचला की दुसऱ्याचा सेल नुसता बदलून घालता येत नाही. प्रमाणनासह सगळे पुन्हा करावे लागते.

दशकभराने आलेल्या आराखड्यांत या चुका ओळखल्याचे दिसते. नोव्हेंबर २०२३मध्ये रॅमने जाहीर केलेल्या रॅमचार्जरमध्ये ३.६ लिटरचे व्ही-६ इंजिन आणि १३० किलोवॅटचा जनरेटर, म्हणजे व्हियाच्याच वर्गातला. बॅटरी मात्र ९२ किलोवॅट-तासांची आणि विजेवरचा दावा १४५ मैलांचा. किलोमीटरला ३९५ वॅट-तास हा आकडा व्हियाहून फारसा वेगळा नाही, पण तोच जोर आता कितीतरी कमी सी-दराने निघतो आणि तेवढ्याच मैलांना चक्रे साडेतीनपट कमी पडतात. बीवायडीने २०२४मध्ये मेक्सिकोत आणलेल्या शार्क पिकअपची वाट वेगळी. प्रामुख्याने विजेवर चालणाऱ्या या हायब्रिडमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचीच, २९.६ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. ऑस्ट्रेलियात तिला ब्रेक असलेला २,५०० किलोचा ट्रेलर ओढण्याची मुभा आहे, त्याच वर्गातले डिझेल पिकअप ३,५०० किलो ओढत असताना. तरीही जाहिरातीत विजेवरचा पल्ला छापला जातो तो रिकाम्या ट्रकचा, आणि ट्रेलर जोडून विजेवर किती अंतर कापले जाईल याचा आकडा खरेदीदाराला डीलरकडे वेगळा मागावा लागतो.