मिसर आणि इजिप्त

धर्मशिक्षणवर्गात बसणाऱ्या आमच्या मुलांना मिसर देश ठाऊक असतो आणि शाळेच्या पुस्तकामुळे इजिप्तही ठाऊक असतो. हे दोन्ही देश एकच, हे मात्र त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मिसर म्हणजे दुष्ट फारो, दहा पीडा आणि तांबड्या समुद्रात बुडालेले रथ. इजिप्त म्हणजे पिरॅमिड, ममी आणि दोन गुणांचा प्रश्न. एक रविवारी शिकायचा, दुसरा सोमवारी. आणि दोहोंतही घर नाही, चूल नाही, आजारी पडणारे माणूस नाही. प्राचीन लोकांविषयी मुलांना शिकवायचे म्हटले की शाळा राजांची नावे पुढे करते आणि आमचे वर्ग चमत्कार पुढे करतात. या दोन्ही रीतींना आमचा विरोध आहे, आणि तो येथे स्पष्ट शब्दांत नोंदवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्नेहसंमेलनात मोशेचे नाटुकले होते, ते आठवावे. मागे थर्माकोलचा पिरॅमिड, खांद्यावर दोरखंड घेऊन कण्हणारे इस्राएल लोक, हाती चाबूक घेतलेले शिपाई. हे चित्र पवित्र शास्त्रातून आलेले नाही, ते सिनेमातून आले आहे. गीझाचा थोरला पिरॅमिड इ.स.पू. २६व्या शतकातला, मोशेचा काळ अभ्यासक बहुधा इ.स.पू. १३व्या शतकात धरतात. मध्ये तेराशे वर्षे गेली! निर्गम ग्रंथ पिरॅमिडचे नावही काढत नाही. तो बोलतो पिथोम व रामसेस या कोठारांच्या नगरांविषयी, चिखलाविषयी, विटांविषयी आणि पेंढ्याविषयी. म्हणजे आमच्या रंगमंचापेक्षा आमचा धर्मग्रंथच कामगारांच्या जीवनाकडे अधिक बारकाईने पाहतो.

तो पेंढा तरी कशासाठी, हे मुलांना कोणी सांगते काय? नाईलकाठच्या चिखलाची वीट भट्टीत भाजत नसत, उन्हात वाळवीत. पेंढा नसेल तर ती वाळताना तडकते. थीब्झ येथे रेखमिरे या वजिराच्या थडग्यात भिंतीवर हे सारे काम रंगवलेले आहे: कुणी पाणी आणतो, कुणी चिखल तुडवतो, कुणी साच्यातून विटा पाडतो, आणि बाजूला काठी घेतलेला मुकादम. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रामसेस दुसरा याच्या पाचव्या वर्षातली चामड्याची एक गुंडाळी आहे. तीत चाळीस मुकादमांच्या नावांपुढे प्रत्येकी दोन हजार विटांचे उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष भरलेला आकडा आहे. हे कामगार इस्राएलीच होते असा दावा आम्ही करीत नाही. पण ‘पेंढा मिळणार नाही, विटा मात्र तेवढ्याच हव्यात’ या हुकमातील क्रौर्य ज्या मुलाला विटेच्या कामावरून समजले, त्याला ते चाबकाच्या अभिनयावरून समजण्याची गरज उरत नाही. आणि आमच्याच तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या आदिवासी कुटुंबांकडे ते मूल निराळ्या नजरेने पाहू लागेल, असा आमचा विश्वास आहे.

आता दुसरी बाजू. आजच्या लक्सॉर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, देर-एल-मदिना नावाची वस्ती आहे. राजांची थडगी खोदणारे व रंगवणारे कारागीर तेथे बायकामुलांसह राहत. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ पासून १९५१ पर्यंत ती उकरली. एकमेकांना चिकटून बांधलेली घरे निघाली आणि हजारो खापऱ्या व चुनखडीच्या कपच्या निघाल्या. त्यांवर लोकांनी हिशेब लिहिले, उधारीची भांडणे लिहिली, धुण्याच्या कपड्यांच्या याद्यासुद्धा लिहिल्या. ब्रिटिश म्युझियममधील अशा एका कपचीवर रामसेस दुसरा याच्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट आहे. चाळीस कामगारांची नावे, गैरहजेरीचे दिवस, आणि वर तांबड्या शाईत कारणे: डोळे दुखत होते, विंचू चावला, आईचे शव गुंडाळत होता, बिअर गाळत होता. (हे शेवटचे कारण वाचून आमच्या धर्मग्रामातील काही बांधवांना आपलेपणा वाटेल!) पुढे रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, मजुरीचे धान्य वेळेवर मिळेना, तेव्हा हे कारागीर काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हांला येथे घेऊन आली, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. हा ज्ञात इतिहासातला सर्वांत जुना संप. त्याची नोंद असलेला पपायरस तुरीन येथे आहे. फारोच्या राज्यात इस्राएल लोकांखेरीज आणखीही उपाशी माणसे होती, हे आमच्या मुलांपासून आपण का लपवावे?

काही पालक आम्हांला म्हणतात, “फादर, मुलांना आधी प्रार्थना नीट येऊ द्या, मिसरी लोक काय जेवत होते याच्याशी कॅटेकिझमला काय कर्तव्य?” कर्तव्य आहे. इस्राएल लोक रानात मोशेवर उलटले ते कशावरून? मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवले म्हणून. गणना ग्रंथाच्या ११व्या अध्यायात ही यादीच आहे. मिसरी मजुराची भाकर ज्या गव्हाची असे, तो आपल्याकडचा खपली गहू. आणि तिच्यात जात्याची कच व वाळवंटाची वाळू इतकी मिसळत असे की ममींचे दात झिजून सपाट झालेले आढळतात. त्या भाकरीसह कांदा चावणारा गुलाम ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, त्याला कळेल की स्वातंत्र्यापेक्षा ओळखीची भाकर गोड वाटणे हा मोह किती खरा आहे. शुभवर्तमानाचेही तेच. खमिराच्या दाखल्यातील बाई तीन मापे पीठ मळते. मुलांना वाटते, तीन वाट्या. ते पीठ चाळीस लिटरांच्या आसपास भरते. ती एका घरापुरते मळत नाही, गावजेवण मळते. दाखल्याचा सारा जोर त्या मापात आहे, आणि आम्ही मुलांकडून फक्त दाखल्याचे नाव पाठ करून घेतो! शास्त्र ज्या काळात लिहिले गेले त्या काळच्या चालीरीती व बोलण्याच्या पद्धती ध्यानात घ्या, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘देई वेर्बुम’मध्ये सांगितले. ते केवळ सेमिनरीतील प्राध्यापकांसाठी सांगितले, अशी सोयीची समजूत आमच्यात रुजली आहे.

‘वेळ कोठे आहे?’ या आक्षेपाला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. थर्माकोल कापायला वेळ असतो.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. रथ बुडाले की वर्गात टाळ्या पडतात. बुडणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आई वाट पाहत असेल, हा विचार मुलांच्या मनात येत नाही, कारण मिसरी माणसाला आई असते हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. अनुवाद ग्रंथाच्या २३व्या अध्यायात मात्र इस्राएल लोकांना आज्ञा आहे की मिसरी माणसाचा तिरस्कार करू नये, कारण तुम्ही त्याच्या देशात उपरे होता. हेरोदाच्या तलवारीपासून बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ पळाले ते याच देशात. त्याच मातीतल्या कॉप्टिक ख्रिस्तसभेच्या उपासनेत प्राचीन इजिप्तच्या भाषेचे अखेरचे रूप अजून ऐकू येते. २०१५ साली लिबियाच्या किनाऱ्यावर ज्या २१ मजुरांचे ख्रिस्तावरील श्रद्धेपायी गळे चिरले गेले, त्यांतील २० जण इजिप्तचे कॉप्ट होते. पोटासाठी परमुलखात गेलेले साधे कामगार. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली त्यांची नावे रोमन हुतात्म्यांच्या यादीत घातली. येत्या स्नेहसंमेलनात मोशेचे नाटुकले जरूर व्हावे. पण फारोच्या सिंहासनाशेजारी एक जाते मांडावे, त्यावर दळणारी एक मिसरी बाई बसवावी, आणि तिला दोन वाक्ये बोलू द्यावीत.