आराता इझुमी ऊर्फ नीळकंठ खंभोळजा

चिंचवड-निगडीकडील कित्येक घरांत आज असें दिसतें कीं, धाकटे चिरंजीव जर्मनींत किंवा अमेरिकेंत नोकरीस, सूनबाई तिकडच्याच, आणि नातवंडें सुट्टींत येतात तीं परक्या देशाचा पासपोर्ट आणि 'ओ. सी. आय.' नांवाचें कार्ड घेऊन. कार्ड आहे म्हणजे नातू भारतीयच, अशी आजीची समजूत असते. आणि व्हिसासाठीं खेटे घालावे लागत नाहींत, एवढ्यापुरती ती खरीही आहे. त्या कार्डावर मनुष्य येथें हवा तितका काळ राहूं शकतो, नोकरी करूं शकतो. परंतु मत देऊं शकत नाहीं, शेतजमीन विकत घेऊं शकत नाहीं, आणि देशाच्या संघांतून मैदानावरही उतरूं शकत नाहीं. ही शेवटची अट फार थोड्यांस ठाऊक असते. तिची पुरती किंमत ज्यानें मोजली, अशा एका फुटबॉल-खेळाडूची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रा. आराता इझुमी यांचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजीं जपानच्या यामागुची प्रांतांत शिमोनोसेकी या बंदराच्या गांवीं झाला. वडील गुजराथी, आई जपानी. नीळकंठ खंभोळजा हें त्यांचें भारतीय नांव. सिंगापुरांत त्यांनीं अल्बिरेक्स निगाटा या जपानी संघाच्या तेथील शाखेकडून खेळ केला, आणि जपानांत ते मित्सुबिशी मिझुशिमा या संघांत होते. हा संघ मित्सुबिशीच्या मोटारींच्या कारखान्याचा, आणि कारखाना ओकायामा प्रांतांतला. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील जपानी पद्धतीचें उद्यान ज्या ओकायामाच्या स्नेहाची खूण म्हणून उभें आहे, तोच हा प्रांत. पुढें २००६ सालीं ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे आले, आणि तेथून मुंबईस महिंद्र युनायटेडकडे. चाकणच्या रस्त्यावर महिंद्रांचें नांव ज्यांच्या रोज दृष्टीस पडतें त्यांस हें विशेष वाटेल कीं, या गृहस्थांनीं दोन देशांत दोन मोटार-कारखानदारांचे पोशाख अंगावर घातले.

त्यांची जागा मैदानाच्या मधल्या फळींत. गोल करणाऱ्याचें नांव वर्तमानपत्रांत येतें, गोल अडविणाऱ्याची पाठ थोपटली जाते. मधल्या फळींतल्या माणसाचें काम मागून आलेला चेंडू क्षणांत ओळखून पुढें कोणास द्यावा हें ठरविण्याचें. घरांत स्वयंपाकघर व माजघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभें राहून जी सून सर्वांचें पाहते, तिचें काम जसें पंगत उठल्यावर कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. इझुमी मात्र मधून पुढें घुसून स्वतः गोल करण्यांतही वाकबगार होते, त्यामुळें त्यांचें नांव झालें.

२००९ सालीं ते पुणे एफ. सी. या संघांत दाखल झाले. महिंद्र युनायटेडचे शिक्षक, गोव्याचे रा. डेरिक परेरा, हेही त्याच वर्षीं पुण्यास आले होते. अशोक पिरामल उद्योगसमूहानें २००७ सालीं काढलेला हा संघ नुकताच देशाच्या पहिल्या श्रेणींत, म्हणजे आय-लीगमध्यें, चढला होता. पहिल्याच हंगामांत त्यानें तिसरा क्रमांक मिळविला, आणि २०१२-१३ मध्यें तर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा. सामने बालेवाडीस होत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेलें हें मैदान पुणें शहरांत मोडतें खरें, परंतु वाकड तेथून मुळा ओलांडली कीं लागतें, आणि वाकड-हिंजवडीच्या मंडळींस तें सदाशिव पेठेंतील मंडळींहून कितीतरी जवळचें आहे.

इतक्या वर्षांत इझुमींच्या मनानें घेतलें कीं, वडिलांच्या देशाकडून खेळावें. येथें कायदा आडवा आला. दुहेरी नागरिकत्व आपल्या देशांत नाहीं. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयानें असेंही ठरवून टाकलें कीं, भारताचा पासपोर्ट ज्याच्या हातांत असेल त्यानेंच भारताच्या संघांत खेळावें, ओ. सी. आय. कार्ड त्यासाठीं पुरेसें नाहीं. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागण्यांत आली, पण २०१० सालीं न्यायालयानें शासनाचेंच धोरण उचलून धरलें. जपानचा कायदाही तितकाच कडक: स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें जपानी नागरिकत्व जातें. दोन्ही बाजूंनीं दार असें कीं, एकांतून आंत जाण्यासाठीं दुसरें कायमचें लावून घ्यावें लागतें. इझुमींनीं २०१२ सालीं तें लावून घेतलें. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं कोचीच्या मैदानावर पॅलेस्टाईनविरुद्ध ते भारताकडून प्रथम खेळले. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारा पहिला फुटबॉल-खेळाडू तो हाच. सामना भारतानें ४-२ असा गमावला.

आतां याचें मोल कसें करावयाचें? कांहीं जण म्हणतील कीं, १९९८ पासून प्रत्येक विश्वचषकांत खेळणाऱ्या जपानच्या संघांत त्यांस जागा मिळण्याचा संभवच नव्हता. शिवाय संघांतील परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्यामुळें भारतीय झाल्यानें त्यांची येथील उपजीविका सुकर झाली. हें खोटें नाहीं, आणि खेळावर पोट असणाऱ्यानें पोटाचा विचार केला तर त्यांत लाजेचें कांहींच नाहीं. परंतु पासपोर्ट म्हणजे खेळाची चिठ्ठी नव्हे. ज्या मुलाची आई जपानी, ज्याचें बाळपण जपानांत गेलें, त्यास यापुढें आपल्या जन्मगांवीं पाऊल टाकावयाचें तर परक्या माणसाप्रमाणें व्हिसा मागावा लागणार. आणि हा सौदा कशासाठीं? ज्या संघाचा जागतिक क्रमांक त्या सुमारास दीडशेच्याही खालीं होता त्या संघासाठीं, तोही वयाचीं तीस वर्षें उलटल्यावर, जेव्हां खेळाडूच्या हातीं थोडेच हंगाम उरलेले असतात! भारताकडून त्यांस सामनेही थोडेच मिळाले.

मायकेल चोप्रा या भारतीय पित्याच्या इंग्रज खेळाडूनेंही भारताकडून खेळण्याची इच्छा बोलून दाखविली होती. ब्रिटिश पासपोर्ट सोडण्याची गोष्ट मात्र घडली नाहीं. आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. इझुमींच्या मागोमाग कोणी येण्यास बारा-तेरा वर्षें लागलीं. २०२५ च्या नोव्हेंबरांत पर्थचे रायन विल्यम्स यांनीं ऑस्ट्रेलियाचें नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. त्यांच्या मातोश्री मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांतल्या. इकडे २०२२ च्या विश्वचषकांत उपांत्य फेरीपर्यंत पोंचलेल्या मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकीं १४ परदेशांत जन्मलेले होते. मत कोणीं द्यावें, अधिकारपद कोणास असावें, याबाबत आपला कायदा कडक असावा हें आम्हांस मान्य आहे. चेंडूच्या बाबतींत तो थोडा सैल केल्यानें राज्य बुडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पण आम्हांस खरी रुखरुख लागते ती निराळ्याच गोष्टीची. या गृहस्थांकडून कायद्यानें आयुष्यभराचा निर्णय मागितला. ज्यांच्या आधारावर त्यांनीं तो घेतला त्या संस्था किती टिकल्या? महिंद्र युनायटेड २०१० सालीं बंद झाला. २००५-०६ चें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलेला संघ, पण मालकांनीं खर्चाच्या वहीवर रेघ मारली आणि तो संपला. पुणे एफ. सी. २०१५ सालीं गेला. इझुमी मग कलकत्त्याच्या ॲटलेटिकोकडे गेले, आणि २०१६ सालीं पुन्हां बालेवाडीस आले ते एफ. सी. पुणे सिटी या नव्या संघांत; तोही २०१९ सालीं मोडला आणि त्याची जागा हैद्राबादेनें घेतली. तोंवर इझुमी केरळ ब्लास्टर्सकडे जाऊन आले होते. भोसरी-चाकणच्या पट्ट्यांत मोटारींच्या कारखान्यांस तोटा नाहीं. ब्रिजस्टोनसारखी जपानी कंपनीही तेथें टायर करते. मिझुशिमाच्या एका कारखान्यास जें जमलें, तें या सबंध पट्ट्यास एकत्र मिळूनही जमूं नये काय? संघ चालविणें हा धंदा म्हणून आंतबट्ट्याचा असेल. मग कामगारांचें वाचनालय आणि दवाखाना तरी कोठें नफा देतात?

बालेवाडीचें मैदान मात्र जाग्यावर आहे. २०२२ च्या जानेवारींत स्त्रियांच्या आशिया चषकासाठीं जपानच्या मुली तेथें उतरल्या आणि म्यानमारवर त्यांनीं पांच गोल चढविले. उपांत्य सामन्यांत त्यांस चीननेंही तेथेंच हरविलें. साथीमुळें भारताच्या मुलींस ती स्पर्धा अर्ध्यांतच सोडावी लागली. त्याच वर्षीं गोव्यांत झालेल्या तरुणांच्या स्पर्धेंत नव्या मुंबईच्या रिलायन्स फौंडेशनच्या मुलांचा एक संघ होता. त्यांचे शिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभे होते ते आराता इझुमी.