गाडीच्या पत्र्याला फाटकाचं मशीन नको

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांतल्या मालाबरोबर दारातल्या गाड्याही बुडाल्या. इंजिन आणि सीटा यांची दुरुस्ती लगेच झाली, कारण त्यांच्याशिवाय गाडी चालत नाही. पत्र्याचं तसं नसतं. दरवाजाच्या पोकळीत, दरवाजाखालच्या बंद पट्टीत, पायाखालच्या गालिच्याखाली बसलेला बारीक गाळ ओल धरून ठेवतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसतो तेव्हा त्यामागचा पत्रा बहुधा संपलेलाच असतो. पोलादपूरच्या वरच्या गावांत पुराचं पाणी पोचत नाही, पण तिथे पाऊसच इतका, की चार महिने गाडीचा तळ कोरडा होत नाही. त्यामुळे या दोन तालुक्यांत पत्रा सडणं हा गाडी बाळगण्याचा नेहमीचा खर्च झाला आहे. शाळेची मुलं नेणारी मॅजिक असो, वाडीवरून बाजाराला येणारी बोलेरो असो की घरची जुनी अल्टो, दर एकदोन वर्षांनी कुठेतरी पॅच मारावा लागतो. हल्ली हाताने उचलता येईल असं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बऱ्याच जणांच्या आवाक्यात आलं आहे, आणि हे काम घरीच करू पाहणारे वाढत आहेत. तसं करणं योग्यच आहे. मात्र त्यासाठी सर्रास घेतलं जाणारं रॉडचं मशीन फाटकाचं आहे, या कामाचं नाही.

कारण जाडीत आहे. फाटकाचा अँगल ३ ते ५ मिलिमीटरचा असतो, गाडीच्या अंगाचा पत्रा ०.७ ते १ मिलिमीटरचा, आणि गंजाने खाल्लेल्या कडेला तर त्याहून पातळ. अडीच मिलिमीटरचा नेहमीचा रॉड नीट चालायला साधारण ८० अँपिअर लागतात. त्या वेळी आर्कचा दाब २३ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे एका ठिपक्यावर १,८०० वॉटहून अधिक उष्णता. पातळ पत्र्याला ३० ते ४० अँपिअर पुरतात. वायरच्या मशीनवर ४० अँपिअरला दाब १६ व्होल्टच्या जवळपास राहतो, म्हणजे जेमतेम साडेसहाशे वॉट. जवळपास तिप्पट उष्णता पत्र्यावर ओतली की आधी भोक पडतं, भोक बुजवायला आणखी रॉड जाळला की भोक मोठं होतं, आणि आजूबाजूचा पत्रा तापून ढोलासारखा फुगतो. मग त्यावर बोटभर लांबी भरली जाते. लांबीखाली रॉडचा मळ तसाच राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो.

म्हणून घरच्या कामासाठी वायरचं मशीन घ्यावं. वर्कशॉपमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते. त्यात बारीक वायर आपोआप पुढे सरकते, गॅस तिच्याभोवती आवरण धरतो आणि मळ राहत नाही. अर्ध्या सेकंदाचा टाका मारून हात काढता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पत्र्याचं काम सलग शिलाईने होत नाही. इकडे एक टाका, वीतभर पलीकडे दुसरा, मधली जागा गार होऊ द्यायची आणि सावकाश जोड भरत आणायची. कोकणातल्या हवेत याला आणखी एक बाजू आहे. रॉडच्या मशीनचा होल्डर चालू असेपर्यंत जिवंत असतो आणि रॉड टेकलेला नसताना त्यावर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. घामाने ओले हात आणि दमट जमीन असताना तेवढ्याने जीवही जाऊ शकतो. वायरच्या टॉर्चमध्ये घोडा दाबेपर्यंत वायरीत सहसा वीज येत नाही. तरीही पावसात किंवा ओल्या अंगणात कोणतंच मशीन लावू नये. या कामाचा हंगाम दिवाळीनंतरचाच.

मशीन निवडताना दुकानदार मोठा आकडा पुढे करतो: २०० अँपिअर, २५० अँपिअर. गाडीच्या पत्र्याला तो आकडा निरुपयोगी आहे. विचारायचं ते हे, की मशीन खाली किती उतरतं आणि तिथे आर्क स्थिर राहतो का. ३० अँपिअरला तडतडत विझणारं २५० चं मशीन पत्र्याला नालायक. सलग किती मिनिटं चालतं, हे १० मिनिटांच्या हिशेबाने पाटीवर लिहिलेलं असतं. तुटक टाक्यांच्या कामात त्याची फारशी फिकीर नको. वायर ०.८ मिलिमीटरची सहज मिळते, ०.६ ची मिळाली तर अधिक चांगली, पण ती ढकलणारी चाकं त्या मापाची हवीत. रीळ लहान घ्यावं. इथल्या आषाढात मशीनमध्ये राहिलेल्या वायरीला गंज चढतो, ती नळीत अडकते आणि दोष मशीनला दिला जातो. आर्गन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर मऊ चालतो, पण नुसत्या सीओटूवरही काम होतं. सिलिंडर कुठे भरून मिळेल, हे मात्र मशीन घेण्याआधी विचारून ठेवावं. विजेबाबत एवढंच, की लहान आर्कला घरचा १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, अर्थिंग खरं असलं आणि लांबलचक बारीक वायर जोडली नाही तर. वाडीवर संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल, तर काम सकाळी करावं.

यावर जाणकार म्हणतील, जुने डेंटर गॅसच्या ज्योतीवर पत्रा असा जोडायचे की सांधा सापडत नसे. खरं आहे. त्या हातांची बरोबरी कोणतंही मशीन करत नाही. पण ती वर्षांची कमाई होती, ज्योतीची उष्णता पत्र्यावर दूरवर पसरते, आणि ॲसिटिलीन घराच्या पडवीत ठेवण्याची वस्तू नाही. दुसरा आक्षेप पैशाचा: रॉडचं मशीन स्वस्त, शिवाय त्यावर फाटकही होतं. ज्यांना दोन्ही कामं आहेत त्यांनी वायर आणि रॉड दोन्ही चालणारं मशीन घ्यावं, पण निवड पत्र्याच्या कसोटीवर करावी. पत्रा सांभाळणाऱ्या मशीनवर घरचं फाटक होऊन जातं, उलट मात्र होत नाही. बिनगॅसच्या वायरीचा मोह समजण्यासारखा आहे, कारण सिलिंडरची ये-जा वाचते आणि वाऱ्यातही चालते. तिचा आर्क अधिक गरम असतो, ठिणग्या जास्त उडतात आणि मळही निघतो. जाड ब्रॅकेटला ती ठीक, दरवाजाच्या पत्र्याला दुय्यम. ती वापरायचीच असेल, तर मशीनमध्ये टोकं उलटी जोडण्याची सोय लागते, आणि स्वस्त मशीनमध्ये ती असतेच असं नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि त्यापुढे मान तुकवली पाहिजे. कशेडी किंवा आंबेनळी घाट रोज चढणाऱ्या गाडीचा पाटा जिथे बसतो ती जागा, सीटबेल्टची बैठक, स्टिअरिंगजवळची चासी इथे घरचा टाका चालणार नाही. बोलेरोसारख्या गाडीत अंग वेगळं आणि खालची चासी वेगळी. अंगाचा पॅच तिथे तुलनेने निर्धोक. लहान मोटारींत अंग हेच सांगाडा असतं, दरवाजाखालची पट्टीही भार पेलते, आणि नव्या गाड्यांच्या खांबांतलं अतिकठीण पोलाद तापवलं की आपली ताकद गमावतं. वडाप करणाऱ्यांना गाडी ८ वर्षांची झाल्यावर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, पण निरीक्षकाच्या नजरेला दिसलं नाही म्हणून लांबीखालचा कच्चा जोड पक्का होत नाही. फेंडर, दरवाजाची खालची कड, डिकीचा तळ, पायाखालची लहान भोकं: घरची हद्द इथपर्यंत. बाकीचं काम तयार कारागिराचं, आणि त्यालाही कोणत्या मशीनवर करणार, हे विचारण्याचा गाडीवाल्याला हक्क आहे.

हात बसवायलाही जागा हवी. आयटीआयमध्ये वेल्डरचा १ वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या कार्यशाळा रविवारी दोन तास उघडून गाडीवाल्यांना भंगारातल्या दरवाजांवर सराव करू दिला, तर या भागातल्या अनेक गाड्या आणि काही डोळे वाचतील. काळी काच न लावता आर्क पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, जस्त चढवलेल्या पत्र्याचा धूर घेतला की ताप भरतो, आणि तळाच्या डांबरी थराला लागलेली ठिणगी आतून धुमसत राहते. म्हणून बॅटरी सोडणं, गालिचा काढणं आणि आग विझवण्याची सोय हाताशी ठेवणं हे मशीनइतकंच कामाचा भाग आहे. टाका मारला की पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंगही जळतो, आणि ती बाजू आपल्याला दिसत नाही. जोड घासून प्रायमर मारल्यावर पोकळीत आतून गंजरोधक मेण फवारलं नाही, तर जूनमध्ये ओल तिथेच शिरेल. मशीनचा हिशेब करतानाच त्या डब्याचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.