आजाऱ्याला हात कोणी लावला?



मिशनऱ्यांच्या रुग्णसेवेचा विषय निघाला की आपल्यातलेही काही जण एक ठरलेलं वाक्य फेकतात: "ती सेवा नव्हे, धर्मांतराचं आमिष!" हे वाक्य आपलं नाही. ज्यांनी शतकानुशतकं आपल्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या तोंडचं ते आहे. ते आपण न तपासता का उचलायचं?

आधी इतिहास पाहू. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ख्रिस्ती लोक तेव्हा सत्तेत नव्हते. उलट त्यांचा छळ चालू होता. खुद्द सिप्रियनचं मुंडकं २५८ साली उडवलं गेलं. अशा काळात त्याने आपल्या लोकांना सांगितलं की फक्त आपल्या माणसांची नको, छळ करणाऱ्यांचीही काळजी घ्या. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस लिहितो की आजाऱ्यांची सेवा करताना अनेक ख्रिस्ती स्वतः मेले, आणि इतर लोक मात्र आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकून पळाले.

बिशप आपल्या पंथाची बढाई मारणारच, असं कोणी म्हणेल. मान्य. मग विरोधकाची साक्ष घ्या. चौथ्या शतकातला सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता. त्याने आपल्या पुरोहिताला पत्रात सुनावलं की हे लोक स्वतःच्या गरिबांना पोसतात आणि आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आहे. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ च्या पुस्तकात मांडलं की औषध नसतानाही नुसतं पाणी, अन्न आणि शुश्रूषा मिळाली तरी बरेच रुग्ण वाचतात. जो वाचला, तो हात देणाऱ्याला विसरेल का? याला आमिष म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: तुम्हाला हात द्यायला कोणी अडवलं होतं?

पण म्हणून ख्रिस्ती श्रद्धेची आरती ओवाळायची का? अजिबात नाही. १३४९ साली स्ट्रासबुर्गमध्ये ख्रिस्ती लोकांनीच ज्यूंना जिवंत जाळलं. आरोप काय, तर विहिरीत विष कालवून साथ पसरवली. पोप सहावा क्लेमेंट सांगत होता की ज्यूही याच रोगाने मरताहेत. कोणी ऐकलं नाही. बायबल तेच, येशू तोच. फरक एकच, "आपला" कोणाला मानलं. २०२० मध्ये मुसलमान भाजीवाल्याला वस्तीत येऊ न देणाऱ्यांनी स्ट्रासबुर्गचाच कित्ता गिरवला. आणि ज्या चर्चमध्ये आजही दलित ख्रिश्चनांसाठी दफनभूमी वेगळी आहे, त्यांनीही करुणेवर प्रवचन देऊ नये.

सेवा ही कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर उचलून मुलगा यशवंतच्या दवाखान्यात आणलं. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. ना स्वर्गाचा लोभ, ना धर्मांतराचा हिशोब. त्या सत्यशोधक होत्या. त्याच साली पंडिता रमाबाईंनी, स्वतः ख्रिस्ती असून, ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या प्लेग-व्यवस्थेवर जाहीर टीका केली. सेवा करावी आणि सत्तेला प्रश्नही विचारावा, हे या दोघींकडून शिकावं.

आता स्वतःकडे बघू. विनयपिटकातली कथा आपण विहारात ऐकतो. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हतं. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतलं, आणि संघाला बजावलं की ज्याला माझी सेवा करायची, त्याने आजाऱ्याची करावी. येशूच्या शिकवणीतही हाच अर्थ सापडतो. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत एक म्हातारी तापाने फणफणत होती. शेजारच्या घरावर निळा झेंडा, पुढच्या चौकात जयंतीच्या बॅनरची चर्चा. तिला पेज नेऊन दिली ती गल्लीतल्या एका ख्रिस्ती बाईने. मी स्वतः दोन दिवस उशिरा पोहोचलो. ही लाज माझीही आहे.

सेवेने हक्काची जागा भरत नाही, हे बाबासाहेबांनी शिकवलं. महाडला आपण पाण्याची भीक मागायला गेलो नव्हतो. सरकारी दवाखाना, स्वच्छ पाणी, सफाई कामगाराला संरक्षण, यासाठी लढाई हवीच. पण लढाई जिंकेपर्यंत दारात पडलेल्या माणसाला पाणी कोण देणार?

म्हणून प्रत्येक विहारात दहा जणांचं रुग्णसेवा पथक उभं करा. वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी, दवाखान्याचे नंबर, रक्तदात्यांची नावं, एवढ्यापासून सुरुवात होते. पुढची साथ जयंतीची तारीख बघून येणार नाही. ती येईल तेव्हा आजाऱ्याची जात-धर्म न विचारता आधी आपला हात पुढे गेला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!